रिफंड अडकला? रिटर्न 'रिवाइज' करण्याआधी चूक कोणाची ते शोधा

आयकराचा रिफंड रखडला की ऑफिसात कोणीतरी सल्ला देतंच, "अरे, रिवाइज करून टाक ना!" म्हणजे सुधारित रिटर्न पुन्हा भर. बहुतेक वेळा हा सल्ला निरुपयोगी असतो. तुमचं रिटर्न मुळात बरोबर असेल आणि कंपनीनं पगारातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, तुमच्या पॅनवर चढवलाच नसेल, तर तेच आकडे पुन्हा भरून काय साधणार? उलट आधी चाललेली प्रक्रिया थांबते आणि नव्या रिटर्नसाठी तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहता.

रिफंड चार ठिकाणी अडकू शकतो: तुमच्या रिटर्नमध्ये, कर कापणाऱ्याकडे, बेंगळुरूच्या सीपीसीमध्ये म्हणजे जिथे देशभरातली रिटर्न्स तपासली जातात तिथे, किंवा बँकेत. प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा. सुधारित रिटर्न हा त्यातल्या फक्त पहिल्याचा उपाय आहे.

हा लेख पगारदार, पेन्शनर आणि ठेवींवर व्याज मिळवणाऱ्या सामान्य करदात्यांसाठी आहे. दाखले 2024-25 या आर्थिक वर्षाचे, म्हणजे 2025-26 या असेसमेंट इयरचे घेतले आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला असला तरी त्याआधीच्या उत्पन्नाची प्रकरणं 1961 च्या जुन्या कायद्यानंच चालतात. म्हणून कलमांचे आकडे जुनेच दिले आहेत. नव्या वर्षाच्या मुदती मात्र पोर्टलवर बघूनच पक्क्या करा.

पहिलं काम: स्टेटस वाचा

ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून 'ई-फाइल' मध्ये 'इन्कम टॅक्स रिटर्न्स' आणि त्यात 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स' उघडा. तिथे प्रत्येक वर्षाच्या रिटर्नचा प्रवास तारखांसकट दिसतो. त्यातली शेवटची ओळ कामाची.

'व्हेरिफिकेशन पेंडिंग' दिसत असेल तर प्रश्न तिथेच संपला. रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत ते पडताळावं लागतं. आधारच्या ओटीपीनं हे काम दोन मिनिटांत होतं. सही केलेला आयटीआर-व्ही, म्हणजे पडताळणीचा कागद, स्पीड पोस्टानं बेंगळुरूला पाठवायची सोय अजून आहे, पण मोबाइल आधारला जोडलेला असेल तर त्या वाटेला जाऊच नका. 30 दिवस उलटून गेल्यावर पडताळलंत तर पडताळणीची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते. वेळेत भरलेलं रिटर्न त्यामुळे उशिराचं ठरू शकतं. उशिराला सबळ कारण असेल तर पोर्टलवरच्या 'सर्व्हिसेस' मधून विलंब माफीचा अर्ज करता येतो.

रिटर्न पडताळून झालंय, पण 'प्रोसेस्ड' दिसत नाही? मग वाट बघणं आलं. कायद्यानं सीपीसीला बराच वेळ दिला आहे: ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते संपल्यापासून 9 महिने. सप्टेंबर 2025 मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ही मुदत 31 डिसेंबर 2026 पर्यंत जाते. प्रत्यक्षात साधी रिटर्न्स त्याच्या कितीतरी आधी निघतात. पण शेजाऱ्याचा रिफंड आठवड्यात आला म्हणून तुमच्या रिटर्नमध्ये खोट आहे असं होत नाही.

'डिफेक्टिव्ह' असं दिसलं तर मात्र एक दिवसही दवडू नका. कलम 139(9) खाली नोटीस आलेली असते आणि दुरुस्तीला 15 दिवस मिळतात. दुर्लक्ष केलंत तर ते रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं.

इंटिमेशन: दोन रकान्यांचा कागद

रिटर्न तपासून झालं की ईमेलवर कलम 143(1) ची सूचना येते. तिलाच सगळे 'इंटिमेशन' म्हणतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीत तुमचा पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख: आधी दिवस, मग महिना, मग चार आकडी वर्ष, मध्ये जागा न सोडता.

हा कागद बघून लोक दचकतात. खरं तर तो शांतपणे वाचला तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं. डावीकडच्या रकान्यात तुम्ही भरलेला आकडा, उजवीकडे विभागानं काढलेला. बोट ठेवून ओळीमागून ओळ खाली या आणि पहिला फरक कुठे पडतो ते पकडा. खालचे फरक बहुतेक वेळा त्या पहिल्या फरकाचीच पिल्लं असतात.

पगाराच्या किंवा व्याजाच्या ओळीत फरक असेल तर तुम्ही काही उत्पन्न दाखवायचं राहिलंय का ते तपासा. वजावटींच्या ओळीत असेल तर ती वजावट तुमच्या करप्रणालीत मिळते का ते बघा. 2024-25 च्या असेसमेंट इयरपासून नवी करप्रणाली आपोआप लागू असते आणि तिच्यात 80सी किंवा घरभाड्याची सवलत मिळत नाही. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते, आणि तीही मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्ये. 2025-26 साठी ती मुदत वाढत वाढत 16 सप्टेंबर 2025 पर्यंत गेली होती. त्यानंतर पहिल्यांदा रिटर्न भरणाऱ्या पगारदाराला जुनी प्रणाली मिळत नाही, मग पुरावे कितीही पक्के असोत.

उत्पन्न जुळतंय, वजावटी जुळताहेत आणि फक्त टीडीएसच्या ओळीत उजवीकडचा आकडा कमी आहे? मग पुढचा भाग तुमच्यासाठी.

टीडीएस दिसत नाही तेव्हा

रिफंडच्या तक्रारींत सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो, कारण चूक दुसऱ्याची असते आणि निस्तरायला तुम्हाला लागतं.

कागद तीन असतात. फॉर्म 16 किंवा 16ए हे कर कापणाऱ्यानं दिलेलं प्रमाणपत्र. फॉर्म 26एएस म्हणजे तुमच्या पॅनवर प्रत्यक्ष जमा झालेल्या कराची नोंद. आणि एआयएस म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची मोठी यादी: व्याज, लाभांश, शेअर, म्युच्युअल फंड, सगळं. टीडीएससाठी 26एएस प्रमाण माना. तिथे नोंद नसेल तर हातातल्या फॉर्म 16 च्या जोरावर सीपीसी रिफंड देत नाही.

नोंद का नसते? कधी कंपनीनं कर कापला पण भरलाच नाही. कधी भरला, पण तिमाही विवरणात तुमचा पॅन चुकवला. कधी विवरणच भरायचं राहिलं. ही विवरणं साधारण 31 जुलै, 31 ऑक्टोबर, 31 जानेवारी आणि शेवटच्या तिमाहीसाठी 31 मे पर्यंत भरायची असतात. म्हणजे जानेवारी ते मार्चमधला टीडीएस मे संपेपर्यंत दिसला नाही तर घाबरण्यासारखं काही नाही. एप्रिल-मेमध्येच घाईनं रिटर्न भरणारे नेमके इथे फसतात.

मुदत उलटूनही नोंद नसेल तर कंपनीच्या अकाउंट्स विभागाला किंवा बँकेच्या शाखेला लेखी कळवा. तोंडी सांगून ठेवलेलं कोणाच्याही लक्षात राहत नाही. मेलमध्ये पॅन, आर्थिक वर्ष, तिमाही, कापलेली रक्कम लिहा, पगाराच्या स्लिपा किंवा व्याजाचं प्रमाणपत्र जोडा, आणि 'टीडीएसचं दुरुस्ती विवरण भरावं' अशी स्पष्ट मागणी करा. हे काम फक्त तेच करू शकतात. तुम्ही नाही, तुमचा सीएही नाही. दुरुस्ती 26एएसमध्ये उमटली की कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करायचा. त्याची रीत पुढे येईलच.

कंपनी बंद पडली किंवा मालक दाद देत नाही, अशी वेळ आली तर एक कलम लक्षात असू द्या: 205. पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढा कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, असं ते सांगतं. त्यानं रिफंड आपोआप मिळणार नाही, पण डोक्यावर आलेल्या मागणीला उत्तर देताना ते कलम, स्लिपा आणि बँकेचं पासबुक हे तुमचं संरक्षण आहे.

आणखी एक घरगुती प्रकार. आईवडिलांच्या नावावरच्या एफडीत मुलाचं दुसरं नाव असतं, पैसे मुलाचे असतात, पण टीडीएस पहिल्या नावावर जातो. मुलगा रिटर्नमध्ये व्याजही दाखवतो आणि टीडीएसही मागतो. तो त्याच्या पॅनवर नसल्यामुळे नाकारला जातो. एफडी उघडतानाच ज्याचे पैसे त्याचं नाव पहिलं ठेवलं तर ही कटकट उद्भवतच नाही. आणि ज्याचा कर शून्यच येणार आहे त्यानं वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत तसा घोषणेचा फॉर्म द्यावा (जुन्या कायद्यात तो 15जी, किंवा 60 पूर्ण झालेल्यांसाठी 15एच होता). न कापलेला टीडीएस परत मागावा लागत नाही.

चूक तुमची असेल तर: सुधारित रिटर्न

एखादं व्याज दाखवायचं राहिलं, वजावट विसरली, चुकीचा फॉर्म निवडला, भांडवली नफ्याचा आकडा चुकला, तर कलम 139(5) चं सुधारित रिटर्न. 2025-26 साठी त्याची मुदत 31 डिसेंबर 2025 होती. उशिरा भरलेलं रिटर्नही त्याच मुदतीत सुधारता येतं. सुधारण्यासाठी 234एफ ची लेट फी पुन्हा लागत नाही. रिटर्न प्रोसेस झालं, अगदी रिफंड खात्यात पडला, तरी मुदत शिल्लक असेल तर सुधारता येतं.

मूळ रिटर्न भरलंय पण अजून पडताळलं नसेल, तर पोर्टलवर ते रद्द करायचा 'डिस्कार्ड' पर्याय आहे. रद्द केल्यावर नवं रिटर्न मूळ रिटर्न म्हणूनच भरायचं. मात्र अंतिम मुदत जवळ आली असेल तर आधी तारीख बघा. मुदत उलटल्यावर भरलेलं नवं रिटर्न उशिराचं ठरेल.

भरताना असं करा. 'फाइल इन्कम टॅक्स रिटर्न' मध्ये वर्ष निवडल्यावर कलम विचारतात, तिथे 139(5). मग मूळ रिटर्नचा 15 आकडी पोचपावती क्रमांक आणि ते भरल्याची तारीख. ही माहिती 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स' मधून आधीच उतरवून ठेवा. पुढचं फार महत्त्वाचं: सुधारित रिटर्न जुन्या रिटर्नची जागा पूर्णपणे घेतं. फक्त विसरलेली वजावट भरून बाकीचे रकाने रिकामे सोडले तर बाकीचं सगळं शून्य समजलं जाईल. संपूर्ण रिटर्न पुन्हा भरायचं, आपोआप भरून आलेले आकडे एआयएस आणि 26एएसशी ताडून बघायचे, आणि शेवटी पुन्हा पडताळायचं. दुसऱ्यांदा पडताळायला विसरणारे खूप असतात, आणि मग 'मी रिवाइज केलं तरी काही झालं नाही' म्हणत बसतात.

सुधारल्यावर कर वाढत असेल तर तो व्याजासह आधी 'ई-पे टॅक्स' मधून भरा, चलनाचा तपशील रिटर्नमध्ये लिहा, मग सादर करा.

एआयएसमध्येच चुकीची नोंद असेल, म्हणजे जे व्याज तुम्हाला मिळालंच नाही ते तुमच्या नावावर दिसत असेल, तर त्या नोंदीवर प्रतिसाद नोंदवायची सोय तिथेच आहे. ते न करता नुसतं रिटर्नमधून वगळलं की पुढे प्रश्न येणारच.

डिसेंबर 2025 मध्ये अनेकांना विभागाकडून संदेश आले की त्यांच्या रिफंडच्या दाव्यात विसंगती दिसते, त्यामुळे रिफंड थांबवला आहे, आणि 31 डिसेंबरच्या आत रिटर्न तपासून गरज असल्यास सुधारावं. अशा संदेशानं हबकून खरी वजावट काढून टाकायची नसते. देणगीची पावती, भाड्याची पावती, विम्याचा हप्ता, जे मागितलंय त्याचा कागद हातात असेल तर दावा तसाच ठेवा. कागद नसेल तर मात्र काढाच. 'जास्त रिफंड काढून देतो' म्हणत टक्केवारीवर रिटर्न भरणारे एजंट अशाच बिनपावतीच्या देणग्या आणि घरभाडं घुसडतात. रिफंड तुमच्या खात्यात येतो, त्यांचा हिस्सा ते घेऊन जातात, आणि पुढे कलम 270ए खाली दंड बसतो तो तुम्हाला. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर तो बुडवलेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत जातो.

चूक सीपीसीची असेल तर: कलम 154

रिटर्नमध्ये आणि 26एएसमध्ये आकडा बरोबर आहे, तरी इंटिमेशनमध्ये चुकला. अशी उघड दिसणारी चूक दुरुस्तीच्या अर्जानं निघते. पोर्टलवर 'सर्व्हिसेस' मध्ये 'रेक्टिफिकेशन'. तिथे प्रामुख्यानं तीन वाटा दिसतात. सगळं बरोबर असूनही चुकीची आकडेमोड झाली असेल तर 'रीप्रोसेस द रिटर्न'. टीडीएसचा किंवा चलनाचा घोळ असेल तर 'टॅक्स क्रेडिट मिसमॅच करेक्शन'. रिटर्नमध्ये आकडा चुकीच्या रकान्यात पडला असेल तर 'रिटर्न डेटा करेक्शन'.

ज्या आर्थिक वर्षात तो आदेश निघाला ते संपल्यापासून 4 वर्षांपर्यंत हा अर्ज करता येतो. पण विसरलेली वजावट नव्यानं मागायला, नवं उत्पन्न दाखवायला हा दरवाजा नाही. आणि इंटिमेशनमधला मुद्दा वादाचा असेल, नुसत्या आकडेमोडीचा नसेल, तर अपिलाचे 30 दिवस दुरुस्तीच्या अर्जाच्या नादात हातचे जाऊ देऊ नका.

मुदत उलटून गेल्यावर

इथे एक गैरसमज फार पसरलाय. 'आता चार वर्षं मागचं रिटर्न भरता येतं' हे खरं आहे. 2025 च्या वित्त कायद्यानं अद्ययावत रिटर्नची, म्हणजे आयटीआर-यूची मुदत 24 वरून 48 महिन्यांवर नेली. पण त्यात रिफंड मागता येत नाही, आहे तो वाढवताही येत नाही. ते फक्त राहिलेलं उत्पन्न दाखवून जास्तीचा कर भरण्यासाठी आहे, आणि तोही वेळेनुसार 25 ते 70 टक्के अतिरिक्त भरणा करून.

जुन्या वर्षाचा रिफंड खरोखर राहिला असेल तर मार्ग एकच: कलम 119(2)(बी) खाली विलंब माफी. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रक 11/2024 नुसार असेसमेंट इयर संपल्यापासून 5 वर्षांच्या आत हा अर्ज करता येतो. 1 कोटीपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात. आजारपण, घरातला मृत्यू, परदेशात अडकणं, जे खरं कारण असेल त्याचे कागद जोडा. 'माहिती नव्हतं' एवढ्यावर सहसा भागत नाही. अर्ज मंजूर झाला की मगच त्या वर्षाचं रिटर्न भरायचं. अशा उशिराच्या रिफंडवर व्याज मिळत नाही.

चूक बँकेच्या तपशिलात असेल तर

'रिफंड फेल्ड' हे स्टेटस दिसायला भयंकर, पण सोडवायला सगळ्यात सोपं. पोर्टलवरच्या 'माय बँक अकाउंट' मध्ये खातं व्हॅलिडेट, म्हणजे पडताळून मान्य, झालंय का आणि रिफंडसाठी निवडलंय का ते बघा. खातं अडण्याची कारणं ठरलेली असतात. बँकांचं विलीनीकरण हे एक: देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, 2020 मध्ये सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. जुना आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, पोर्टलवर तसाच राहिलेला असतो. दुसरं म्हणजे नाव. लग्नानंतर बँकेत नाव आणि आडनाव बदललं, पॅनवर माहेरचंच राहिलं, की पडताळणी अडते. पॅन, आधार आणि बँक तिन्हीकडे एकच नाव करून घेतल्याशिवाय यातून सुटका नाही. वर्षानुवर्षं न वापरलेलं खातं आधी शाखेत जाऊन चालू करून घ्या. पतसंस्थेचं खातं इथे चालत नाही.

खातं व्हॅलिडेट झालं की 'सर्व्हिसेस' मधून 'रिफंड रीइश्यू' ची विनंती टाका. रिटर्न सुधारायची काहीही गरज नाही.

पॅन आधारला जोडलेला नसेल आणि त्यामुळे निष्क्रिय झाला असेल तर वरचं काहीच उपयोगाचं नाही. तोवर रिफंडही नाही आणि तेवढ्या काळाचं व्याजही नाही.

रिफंड कमी आला तर

जुनी थकबाकी असेल तर विभाग कलम 245 खाली ती रिफंडमधून वळती करून घेतो. आधी सूचना येते आणि उत्तराला 21 दिवस मिळतात. 'पेंडिंग ॲक्शन्स' मध्ये 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' उघडा. मागणी मान्य नसेल तर कारण निवडा, चलन किंवा आदेश जोडा. गप्प राहिलात की मागणी मान्य आहे असं समजून वळती केली जाते. कित्येकदा ही थकबाकी दहा-बारा वर्षांपूर्वीच्या, कागदी चलनांच्या काळातली निघते. म्हणून जुनी चलनं रद्दीत टाकू नका.

व्याज तुमचं, पण त्यावर कर तुमच्याकडून

मुदतीत भरलेल्या रिटर्नमधल्या टीडीएसच्या रिफंडवर 1 एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का साधं व्याज मिळतं. समजा एकूण कर 40,000 रुपये, टीडीएस 58,000. रिफंड 18,000. तो डिसेंबर 2025 मध्ये आला तर 9 महिन्यांचं व्याज 810 रुपये. रिटर्न उशिरा भरलं असेल तर व्याज भरल्याच्या तारखेपासून. आणि रिफंड एकूण कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल, इथे 4,000 च्या आत, तर व्याज नाहीच. हे व्याज ज्या वर्षी मिळालं त्या वर्षीच्या 'इतर उत्पन्नात' दाखवायचं असतं. मूळ रिफंड हे उत्पन्न नाही, त्यावरचं व्याज मात्र उत्पन्न आहे.

काहीच हलत नसेल तर

पोर्टलवरच्या 'ग्रिव्हन्स' मध्ये तक्रार टाका. 'रिफंड अजून आला नाही, कृपया लक्ष घालावे' असं लिहू नका. त्याला साचेबंद उत्तर येतं. पोचपावती क्रमांक, पडताळणीची तारीख, इंटिमेशनची तारीख, कुठल्या ओळीत किती रुपयांचा फरक आहे आणि त्याचा पुरावा कोणता, एवढं चार ओळींत लिहा. तिथून समाधान झालं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. आणि 'तुमचा रिफंड मंजूर झाला, इथे क्लिक करा' असा लिंकसकट मेसेज आला तर तो उघडू नका. रिफंड देण्यासाठी विभाग पिन, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर कधीच मागत नाही.

करदाता हयात नसेल तर त्याच्या लॉगिनमधून काही करत बसू नका. वारसानं स्वतःच्या लॉगिनमधून प्रतिनिधी म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, मृताचा पॅन आणि वारस असल्याचा पुरावा एवढं जोडावं लागतं. ती नोंदणी मंजूर झाली की मृताचं रिटर्न आणि रिफंडचा पाठपुरावा वारसाच्या लॉगिनमधून करता येतो.